एका हाताचं वल्हं: विकतचं की प्लायवूडचं?

एका हातात मासेमारीचा रॉड असताना कयाक (वल्हवायची छोटी, अरुंद होडी) जरा वळवायची, काठापासून सरकवायची, एवढंच याचं काम. लांब पल्ल्याला नेहमीचं वल्हं हवंच.

विकतचं अॅल्युमिनियमच्या दांड्याचं हलकं असतं, पण नळीत पाणी शिरलं की बुडू शकतं. टोकांत फोम ठासून सिलिकॉन भरा.

आमची पसंती घरच्याला, कारण मूठ आपल्या हाताच्या मापाची होते. 12 मिमी मरीन प्लाय (पाण्यात वापरायचं प्लायवूड), लांबी 55-60 सेमी, पातं 15 सेमी रुंद. मुठीला दोन्हीकडून लाकडी पट्ट्या चिकटवून गोल घासा. चपटी मूठ ओल्या हातात फिरते. प्लाय खराब होतो तो उघड्या कडांतून: पाणी शोषलं की थर सुटतात. तिथे इपॉक्सीचे (पाणी रोखणाऱ्या राळेचे) तीन हात द्याच.

वल्ह्याची दोरी कयाकला बांधा, मनगटाला नको.