कमी टोचणारं ॲलर्जी क्लिनिक

नात सहा वर्षांची, नातू तीनचा. मुलगा-सून दोघंही नोकरीवर, त्यामुळे दवाखान्याचं खातं माझ्याकडे आलं. मी बँकेत कॅशियर होते. नोंदवही, सही, दुबार तपासणी यांकडे माझी नजर आपोआप जाते, आणि लहान मुलांच्या या ॲलर्जी क्लिनिकबद्दल लिहिणार आहे तेही त्याच नजरेने. तिथे आम्ही वर्षाहून जास्त काळ जातोय. डॉक्टरबाईंनी जे केलं त्यापेक्षा जे करायचं नाकारलं, त्यासाठी मी त्यांना जास्त गुण देते.

नातीला सकाळी डोळे उघडले की शिंकांचा सपाटा. नाक चोंदलेलं, झोपेत तोंड उघडं, मधूनच छातीत घरघर. आधी एका लॅबमधून आम्ही रक्ताचं भलंमोठं पॅनेल करून आणलं होतं. दूध, अंडं, गहू, सगळ्यांसमोर 'पॉझिटिव्ह'. सूनबाई दूध बंद करायच्या बेतात होती. डॉक्टरबाईंनी ते कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "दूध प्यायल्यावर हिला काय होतं?" म्हटलं, काहीच नाही, रोज पिते. "मग प्यायला द्या."

कारण त्यांनी नीट समजावलं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) सापडलं म्हणजे शरीराने त्याची दखल घेतलीय इतकंच. खाल्ल्यावर त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. त्याच रिपोर्टात आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची एक यादी होती, ती तर त्यांनी उलटीच ठेवली. आयजीजीवरून ॲलर्जी ठरत नाही, तो पदार्थ खाण्यात आहे एवढंच फार तर कळतं. लक्षणं न विचारता केलेल्या अशा पॅनेलवरून वाढत्या वयाच्या मुलांचं दूध-अंडं तोडलं जातं, याचा त्यांना राग आहे, आणि तो लपत नाही.

त्वचेची तपासणीही मोजकीच केली: डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे), बुरशी, झुरळ, मांजर, परागकण. आधी फोनवर बजावलं होतं की ॲलर्जीच्या गोळ्या-सिरप आठवडाभर बंद ठेवा, सर्दी-खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही नाव वाचून घ्या, पण दम्याचा पंप चालू ठेवा. हातावर पेनाने खुणा, प्रत्येक खुणेपाशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब, थेंबातून एक हलकी टोच. रक्त येत नाही. रडं आलं ते टोचण्याने नव्हे, खाजवायचं नाही म्हटल्याने. सिस्टरने दुसऱ्या हातावर पेनाने सूर्य काढून दिला, तेव्हा कुठे पंधरा मिनिटं निघाली.

मला सगळ्यांत आवडले ते जादाचे दोन थेंब. एक साध्या सलाईनचा, तिथे काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, तिथे गांधी उठलीच पाहिजे. नाही उठली तर औषधाचा अंमल अजून आहे, तपासणी बाद. सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक जुळल्याशिवाय मधल्या आकड्यांना अर्थ नसतो, तसंच हे. मग पट्टी लावून मोजणी. सलाईनच्या जागेपेक्षा किमान 3 मिलिमीटर मोठी गांधी असेल तर पॉझिटिव्ह. नातीची डस्ट माइटची गांधी मोजायला पट्टीची गरजच नव्हती.

तरी ॲलर्जीचं इंजेक्शन (त्याच पदार्थाचा अर्क थोडाथोडा टोचून शरीराला त्याची सवय लावायची) लगेच सुरू केलं नाहीच. आधी पंप देऊन दमा आटोक्यात आणला, कारण दमा बेलगाम असताना हे इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. मध्यंतरी गादी-उशीला बंद खोळी, चादरी 60 अंशांच्या गरम पाण्यात धुणं, असली कामं आमच्याकडे दिली. मग सुरुवात. दर आठवड्याला वाढता डोस, काही महिन्यांनी ठरलेला डोस महिन्याला एकदा, आणि एकूण तीन ते पाच वर्षं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ज्यांना इतकी वर्षं जाणं जमणार नाही त्यांनी उगाच सुरू करू नये, असं माझंही मत झालंय.

प्रत्येक वेळी आधी विचारपूस होते. ताप आहे का, रात्री खोकला होता का, मागच्या वेळी दंड किती सुजला, मधे नवं औषध सुरू केलं का. मग नळीत जोरात फुंकायला लावून छातीचा आकडा घेतात. आकडा उतरलेला असेल तर इंजेक्शन न देता घरी. आम्हाला असं परत पाठवलंय, आणि इतक्या लांबून आल्याचं मी सांगूनही सिस्टर बधली नाही. खाडा मोठा झाला तर डोस खाली आणतात. कुपीवरचं नाव, जन्मतारीख, डोस हे एक सिस्टर वाचते, दुसरी पडताळते, आणि पोरीकडून तिचं नाव वदवून घेतात. आमच्या कॅश काउंटरवरही इतकी शिस्त नव्हती.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. एका बाबांना घाई होती, मुलाला उचलून ते दारापर्यंत गेले. सिस्टरने दारात उभं राहून त्यांना परत बसवलं. गंभीर रिॲक्शन आली तर ती बहुधा या अर्ध्या तासातच येते. अशा रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रेनलिन, समोरच्या ट्रेमध्ये असतं, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, हे मला विचारल्यावर दाखवलं. 1911 साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क असाच टोचून पाहिला होता. शंभर वर्षं उलटूनही हे थांबणं सुटलेलं नाही, यावरून काय ते समजा.

नातवाची गोष्ट वेगळी. त्याला इसब आहे आणि अंडं खाल्लं की ओठ सुजून अंगावर गांधी उठतात. एवीतेवी येतोच आहोत तर यालाही इंजेक्शन सुरू करा, म्हटलं. बाई म्हणाल्या, "आजी, घसा आवळतोय हे त्याला सांगता येईल का?" साधारण पाच वर्षांनंतरच त्या इंजेक्शनं सुरू करतात, आणि खाण्याच्या ॲलर्जीवर ही इंजेक्शनं देतही नाहीत. त्याची त्वचा चिघळलेली होती म्हणून त्वचेवर टोचायची ती तपासणी (प्रिक टेस्ट) टाळली, रक्तातून फक्त अंड्याचं आयजीई पाहिलं. पुढे योग्य वेळ आली की दवाखान्यातच देखरेखीखाली कणाकणाने अंडं खायला देऊन बघणार आहेत. तोवर बंद.

गुण आला का? पहिले काही महिने काहीच फरक नव्हता, सूनबाई वैतागली होती. आता सकाळच्या शिंका बऱ्याच कमी आहेत, रोजची गोळी सुटली, पंप अजून आहे. झटपट काही हवं असणाऱ्यांनी इकडे फिरकू नये.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. वेळ देतात आणि पाळत नाहीत. इंजेक्शनं फक्त दुपारी, म्हणजे शाळा बुडतेच. आणि ॲलर्जीच्या दवाखान्यात बाळगोपाळांच्या कोपऱ्यात केसाळ अस्वलांचा ढीग! डस्ट माइटना याहून चांगलं घर कुठलं? मी तक्रारवहीत लिहिलं, तर पुढच्या खेपेला अस्वलं जाऊन प्लास्टिकचे ठोकळे आले. खिडकीचे जाड पडदे तसेच आहेत, त्याबद्दल लिहायचंय.