भात सोडू की चालायला लागू?

वजन कमी करायचं ठरलं की वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत पहिली कुऱ्हाड भातावर पडते. नाहीतर माणूस पहाटे उठून समुद्रकाठच्या पुळणीवर चालायला लागतो. दोन्ही एकदम जमत नाही, मग आधी काय धरायचं, असं मला बरेच जण विचारतात.

आधी भाताचं बघू. एक वाटी शिजलेला भात, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, यात २०० च्या आसपास कॅलरी असतात. दोन वाट्या भाताऐवजी ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या खाल्ल्या तर ४०० च्या जागी ३५० होतात, एवढाच फरक. भाकरीत चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा फायदा खरा. पण भाकरीने चरबी वितळत नाही.

मी एका श्रावणात भात पूर्ण सोडला होता. आठवड्यात दोन किलो उतरले आणि मी हरखून गेले. गणपतीत भात सुरू झाला नि चार दिवसांत काटा होता तिथे आला. गेलं होतं ते बरंचसं पाणी. शरीर साखरेचा जो साठा ठेवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा उतरला की पाणीही जातं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. नुसता भात बंद करून आठवड्यात तेवढ्या दोन किलोंचा हिशेब बसूच शकत नाही.

आणि भाताला बोल लावताना आपण आमटीतल्या वाटपाकडे, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याकडे बघतच नाही. ५० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात पावणेदोनशे कॅलरी, मोठा चमचाभर तेलात १२०. भात एक वाटीवर आणून सुरमई तव्यावर थोड्या तेलात भाजली, वाटपातलं खोबरं निम्मं केलं, तर ताटाची चवही राहते आणि कॅलरीही खऱ्याखुऱ्या कमी होतात. बांगडा मात्र सोडू नका. १०० ग्रॅममागे १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात, वजन उतरताना स्नायू टिकवायला ती लागतात.

आता चालणं. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण २५० कॅलरी खर्च होतात. घरी येऊन दोन-तीन वडे खाल्ले की ते सगळं भरून निघतं. म्हणून फक्त चालून बारीक होणं फार सावकाश होतं. मऊ वाळूत रस्त्यापेक्षा जास्त ताकद लागते, पण गुडघे दुखत असतील तर ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवरून चाला. एप्रिल-मेच्या दमट हवेत अंगातून घामाच्या धारा लागतात, त्याला चरबी जळणं समजू नका. तांब्याभर पाणी प्यायलात की ते वजन परत येतं. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात, चरबी नेमकी तिथलीच जाईल असं होत नाही.

चालण्याचं खरं मोल वेगळं आहे. रक्तातली साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, उतरलेलं वजन पुन्हा चढू न द्यायलाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. या दुसऱ्या व्यायामासाठी जिम लागत नाही. पाखाडीच्या पायऱ्या चढणं, उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, एवढं पुरतं.

तेव्हा एकच धरायचं असेल तर आधी ताट धरा, भात न सोडता. महिन्याभराने चालणं जोडा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि रोज काट्यावर उभं राहण्यापेक्षा पंधरा दिवसांनी शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात.