हॉटेल ते बॅलार्ड पिअर : न आलेल्या गाडीचे १०,७६० रुपये

एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात मी एकतीस वर्षे काढली आणि त्या काळात नाव व रक्कम जुळल्याशिवाय एकही व्हाउचर पुढे सरकवले नाही, हे आधीच सांगतो; म्हणजे पुढचे वाचताना ‘म्हाताऱ्याला मोबाइल कळत नसेल’ असे म्हणून कोणी स्वतःची समजूत घालू नये. मला मोबाइल कळतो, यूपीआय कळते आणि खोट्या हेल्पलाइन क्रमांकांचे प्रकारही मी वर्तमानपत्रात नेमाने वाचतो. तरीही गेल्या डिसेंबरात, हॉटेलपासून क्रूझच्या धक्क्यापर्यंतच्या साध्या गाडीसाठी, पंधरा तासांच्या आत चार वेळा पिन टाकून मी १०,७६० रुपये एका अनोळखी माणसाच्या हवाली केले. मिळालेल्या गाड्यांची संख्या शून्य.

आईला एकदा जहाजात बसवायचे असे बहिणीच्या मनात फार दिवस होते, म्हणून मुंबई–गोवा–मुंबई सफरीची सहा तिकिटे काढली होती. बहीण, मेहुणे आणि भाची नागपूरहून रात्रीच्या विमानाने येणार होती. सकाळी सगळ्यांची जमवाजमव नको म्हणून मी, पत्नी आणि आई दुपारीच विमानतळाजवळच्या हॉटेलात जाऊन राहिलो. माणसे सहा, बॅगा नऊ, आईचे वय अठ्ठ्याहत्तर आणि तिच्या गुडघ्याला पट्टा. दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता बॅलार्ड पिअरला हजेरी लावायची होती. अशा वेळी ॲपवरची गाडी ऐनवेळी रद्द झाली तर काय, ही भीती मुंबईत राहणाऱ्या कोणालाही समजेल. म्हणून सात आसनी गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी असे मला वाटले. आजही त्यात मला काही चूक वाटत नाही.

चूक पुढची. खाली काउंटरवर जाऊन ‘तुमच्याकडे गाडीची सोय आहे का’ असे विचारायला दोन मिनिटे लागली असती. त्याऐवजी मी खोलीत पाय लांब करून नकाशाच्या ॲपवर हॉटेलचे नाव टाकले. नाव हॉटेलचे, छायाचित्र हॉटेलचे, पत्ता हॉटेलचा. फोन क्रमांक मात्र भामट्याचा. अशा नोंदीत बदल सुचवण्याची सोय कोणालाही उपलब्ध असते, हे मला नंतर कळले. ज्या इमारतीत बसला आहात तिचा फोन नंबर नकाशावर शोधू नका. खोलीतला इंटरकॉम उचला.

फोनवरचा माणूस अस्खलित मराठी बोलत होता, हे मी मुद्दाम लिहितो आहे. तुटक हिंदीत बोलणारा, घाई करणारा ठग आपण ओळखतो. हा शांत होता, ‘काका’ म्हणत होता, आणि माझ्याकडून आईच्या गुडघ्याचे ऐकल्यावर म्हणाला, “मग काका, पायदान असलेली गाडी पाठवतो, आईंना चढायला त्रास नको.” एवढ्या एका वाक्यावर मी त्याचा झालो. भाडे ३,४०० रुपये ठरले. हॉटेलच्या ‘ट्रॅव्हल डेस्क’च्या नावाने व्हॉट्सॲपवर पावती आली आणि रात्री आठ चाळीसला मी १,००० रुपये आगाऊ पाठवले.

सव्वानऊला त्याचा पुन्हा फोन. बंदराच्या हद्दीत खासगी भाड्याच्या गाडीला ‘गेट पास’ लागतो, तो आदल्या रात्रीच काढावा लागतो, त्याचे २,००० रुपये आणि अठरा टक्के जीएसटी मिळून २,३६० रुपये होतील. त्या ३६० रुपयांनी माझा घात केला. गोल आकडा सांगितला असता तर माझ्यातला हिशेबनीस जागा झाला असता. कर अचूक लावलेला पाहून तो निश्चिंत झाला. पासाचा फोटोही लगेच आला. निळा शिक्का, नांगराचे चित्र आणि वर ठळक अक्षरांत ‘मुंबई पोर्ट ट्रस्ट’. आता २०२१ च्या कायद्यानंतर त्या संस्थेचे नाव मुंबई पोर्ट प्राधिकरण झाले आहे, ट्रस्ट राहिलेला नाही, आणि मला ते ठाऊक होते. पण बोलताना आपण सगळे अजून पोर्ट ट्रस्टच म्हणतो. त्यामुळे डोळ्यांना ते नाव खटकण्याऐवजी ओळखीचे वाटले.

लगोलग, नऊ बावीसला, ५,००० रुपयांची ‘परत मिळणारी अनामत’. प्रवासी ऐनवेळी आला नाही तर पासाचे नुकसान होते म्हणून ही घेतात, गाडीतून उतरताच परत देतात, असे त्याने सांगितले. भाडे ३,४०० आणि अनामत ५,००० हे गणित कोणत्या धंद्यात बसते, असा प्रश्न मला पडला नाही असे नाही. पडला, आणि तेवढ्यात बहिणीचा ‘विमान उतरले’ असा निरोप आला, म्हणून मी तो बाजूला सारला.

आणि आता जे लिहायला मला खरोखर लाज वाटते ते. पैसे पाठवताना पिन टाकण्याच्या आधी समोरच्या खातेदाराचे नाव पडद्यावर येते. पहिल्या वेळी तिथे एका जनरल स्टोअर्सचे नाव आले. मी ते वाचले, नजर चुकली असे म्हणायलाही जागा नाही, कारण वाचून झाल्यावर मी पत्नीला म्हणालो होतो, “हे बघ, ट्रॅव्हलवाल्याचे खाते किराणा दुकानाच्या नावावर.” ती म्हणाली, “अहो, मग नका पाठवू.” त्यावर मी तिला समजावले की लहान धंदेवाले असेच करतात, घरातल्या कोणाच्या तरी दुकानाचा क्यूआर वापरतात, त्यात विशेष काही नाही. म्हणजे ठगाने मला सबब देण्याची गरजच पडली नाही. मीच ती तयार करून दिली, वर बायकोला पटवून दिली. दुसऱ्या वेळी नाव वेगळे होते, कोणा बाईचे. तेही मी वाचले. नाव न जुळणारे व्हाउचर मी कार्यालयात तोंडावर परत फेकले असते; इथे हॉटेलच्या पलंगावर उशीला टेकून, अंगठ्याने, मी ते मंजूर केले. पडद्यावरचे ते नाव म्हणजे बँकेने आपल्याला दिलेली शेवटची हाक असते. ते हॉटेलचे किंवा गाडीवाल्या संस्थेचे नसेल, तर समोरचा कितीही गोड बोलो, फोन ठेवून द्यावा.

दुसरी गोष्ट पावतीवरच होती. तळाशी लिहिले होते : ‘सी-लिंक व फ्री-वे टोल रु. ३४० वेगळे.’ सी-लिंक पश्चिमेच्या समुद्रात, वांद्रे ते वरळी. ईस्टर्न फ्री-वे पूर्वेला, चेंबूरकडून पी. डी’मेलो रस्त्यावर उतरणारा. विमानतळावरून बॅलार्ड पिअरला निघालेला शहाणा माणूस एकाच फेरीत या दोन्हींवरून जाईल कसा? शिवाय सी-लिंकला मोटारीचे एका वेळचे शंभर रुपये पडतात आणि फ्री-वेला टोल नाहीच. २०१३ मध्ये तो सुरू झाल्यापासून मी त्यावरून किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. नागपूरच्या मेहुण्यांना हे कळले नसते तर चालले असते. माझा जन्म या शहरातला आहे.

सकाळी दहा पन्नासला गाडीचा क्रमांक आला आणि त्यासोबत मागणी : ‘सिस्टीममध्ये बाकी दिसते आहे, उरलेले २,४०० भरल्याशिवाय चालकाला लोकेशन जाणार नाही.’ तेव्हा आम्ही नऊ बॅगा घेऊन हॉटेलच्या पोर्चमध्ये उभे होतो, आई त्यातल्या सर्वांत मोठ्या बॅगेवर बसली होती आणि दर दोन मिनिटांनी आत वळणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवून “हीच का रे?” असे विचारत होती. मी २,४०० पाठवले. अकरा वीस झाले, अकरा चाळीस झाले. चालक आधी ‘सिग्नलला’ होता, नंतर ‘पंपावर’ होता, नंतर त्याचा फोन बंद होता. शेवटी मूळ माणसाने, आवाजात तसूभरही फरक न करता, खेद व्यक्त केला आणि सगळे पैसे परत करण्यासाठी एक क्यूआर पाठवला : “काका, एवढा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः सोसायटीच्या सभेत लोकांना सांगितलेले आहे. तरी माझा अंगठा पडद्यावर गेला होता. भाचीने “मामा!” असे ओरडून फोन हातातून ओढून घेतला, म्हणून आकडा १०,७६० वर थांबला.

तिनेच एम-परिवहन या वाहनांची नोंदणी दाखवणाऱ्या सरकारी ॲपवर तो गाडीचा क्रमांक टाकला. तो एका दुचाकीचा निघाला. हे तपासायला तिला अर्धे मिनिट लागले. क्रमांक हाती आला की आधी तो तपासा, आणि पैसे त्यानंतरच. तसेच भाड्याच्या गाडीची पाटी सहसा पिवळी असते, पांढरी नसते. कोणी पांढऱ्या पाटीच्या गाडीचा फोटो पाठवला, तर बाकी काही विचारूच नका.

हॉटेलच्या दरवानाने रस्त्यावरून दोन काळ्या-पिवळ्या थांबवल्या. तीन-तीन माणसे, बॅगा टपावर आणि डिकीत. पहिल्या टॅक्सीचे मीटरने ५९० रुपये झाले, दुसरीचे ६१५. दोन्ही मिळून १,२०५. फ्री-वेने गेलो; टोल पडला नाही. बंदराच्या दारावर जवानाने आमचे बोर्डिंग पास आणि आधार कार्डे पाहिली. टॅक्सीचा ‘गेट पास’ कोणीही मागितला नाही. एक सांगायला हवे : टॅक्सीत बसल्या बसल्याच मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तिथे माहिती लिहून घेतली आणि तक्रार क्रमांकाचा संदेशही आला. पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन तोच करावा, हॉटेलशी भांडण नंतर. मी काउंटरवर वीस मिनिटे भांडलो आणि ‘सर, तो नंबर आमचा नाही’ या एका वाक्यापलीकडे मला तिथे काही मिळाले नाही. आपल्या नावाखाली भलत्याचा क्रमांक दिसतो आहे याची त्यांना त्या क्षणी तरी लाज वाटेल असे वाटले होते. व्यवस्थापकाने मला पाण्याची बाटली दिली.

सफरीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. आईला जहाज आवडले. मी डेकवर बसून आकडे जुळवत होतो.

परत आल्यावर खरा प्रवास सुरू झाला. हॉटेलच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात सांगितले की आपण राहता पूर्व उपनगरात, बँक खाते तिकडचे, तेव्हा तक्रार तिकडे द्या. घराजवळच्या ठाण्यात सांगितले की घटना हॉटेलात घडली, तेव्हा तिकडेच जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, ही ‘झिरो एफआयआर’ची तरतूद मी छापून नेली होती. ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “काका, कायदा आम्हालाही माहीत आहे.” माहीत होता, तर मला तिसऱ्यांदा का बोलावले? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, तोही गुन्हा म्हणून नव्हे, नुसता अर्ज म्हणून. व्हॉट्सॲपच्या संभाषणाच्या तीन प्रती मागितल्या आणि शिक्क्यासाठी दीड तास बसवले. त्या दीड तासात एका हवालदाराने मला प्रकरणाविषयी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे जहाजावर जेवण पोटभर मिळते का. एवढ्या रकमेत पुढे काय होते तेही त्यांनीच सांगितले : काही होत नाही. लाखांची प्रकरणे पडून आहेत. म्हणजे दहा हजारांपर्यंत चोरी करणाऱ्याला या शहरात मोकळीक आहे, असा अर्थ मी काढायचा का? असे दहा हजार रोज किती जणांकडून जात असतील याचा हिशेब कोणत्या टेबलावर होतो?

बँकेने तर मला माझ्याच पिनाने बांधले. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक मी पुढे केले. उत्तर आले की पिन आपण स्वतः टाकला आहे, व्यवहार अधिकृत आहे, हे परिपत्रक लागू होत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. पण एकाच रात्री, मी आधी कधीही पैसे न पाठवलेल्या दोन खात्यांत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत तीन रकमा गेल्या, तेव्हा तुमच्या यंत्रणेला काहीच वाटले नाही का, या माझ्या प्रश्नाला शाखेतल्या ताईंनी “सर, लेखी द्या” असे उत्तर दिले. लेखी दिले. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, म्हणून लेखी पोच घ्याच. तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नसते.

१९३० वरच्या तक्रारीमुळे एवढे मात्र झाले की त्या दोनपैकी एका खात्यात शिल्लक असलेले ६४० रुपये गोठवले गेले. ते मला मिळावेत यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल असे ठाण्यात सांगण्यात आले. वकिलाची फी मी विचारली नाही.

हे लिहायला घेण्यापूर्वी नकाशावरची ती नोंद पुन्हा उघडून पाहिली. हॉटेलच्या नावाखाली तोच क्रमांक आहे. मी बदल सुचवला होता : हा क्रमांक चुकीचा आहे, हॉटेलच्या काउंटरवर खात्री केली आहे. चार दिवसांनी उत्तर आले, ‘आपली सूचना स्वीकारता आली नाही.’