मोर्सच्या तारयंत्राचं रेखाटन: छापील प्रत घेताना

सॅम्युएल मोर्स व्यक्तिचित्रकार होता, हे या रेखाटनात लगेच दिसतं: तारेतून विजेने संदेश पाठवणाऱ्या त्याच्या 1837 च्या यंत्राचा सांगाडा म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट! वरून लोंबणारा दांडा, त्याच्या टोकाला पेन्सिल, खालून सरकणारी कागदी पट्टी. विद्युतचुंबकाने दांडा ओढला की सरळ रेघेत व्ही आकाराची खाच उमटते. फार सुंदर रचना आहे.

प्रत मॅट कागदावरचीच घ्या. चकचकीत कागदावर फिकट रेघा उजेडात हरवतात. काळा रंग वाढवून छापलं असेल तर चुंबकाभोवतीचे तारेचे वेढे मिसळून नुसता डाग दिसतो, म्हणून आधी तोच भाग मोठा करून बघा. फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो.