चॅनल स्ट्रिप प्लगइन: वर्षभर वापरल्यावर, मुख्यतः एका बटणाबद्दल

चॅनल स्ट्रिप म्हणजे फिल्टर, इक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करणारा), कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) एकाच खिडकीत देणारं मिक्सिंगचं प्लगइन. माझ्या कंप्यूटरचा मदरबोर्ड जळाला, त्यावरचं या प्लगइनचं लायसन्स उडालं, आणि कंपनी म्हणते आधी जुन्या मशीनवरून डीअ‍ॅक्टिव्हेट करा. जळालेल्या बोर्डावर कसं करायचं? मेलवर मेल पाठवून शेवटी काम झालं, पण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवणं मला मुळीच पटलेलं नाही.

तेवढ्यात एका अभंगाचं मिक्स रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या रीइक्यू (इक्यू) आणि रीकॉम्प (कंप्रेसर) या सुट्या प्लगइनांवर उरकावं लागलं. त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

घेताना जीव अडकला होता अ‍ॅनलॉग रंगात, म्हणजे जुन्या यंत्रांसारख्या किंचित विकृत, उबदार आवाजात. आता ते सॅच्युरेशन बहुतेक ट्रॅकवर बंदच असतं. रोज हात जातो तो फिल्टर साइडचेनला, म्हणजे कंप्रेसर ज्यावरून आवाज मोजतो त्या वाटेला, पाठवणाऱ्या बटणाकडे. तबला एकाच ट्रॅकवर असला की डग्ग्याची घुमक कंप्रेसरला खेचते आणि चाटीचे बोल उगाच दबतात. हे बटण दाबायचं, हायपास (खालचे खर्ज सूर अडवणारा फिल्टर) 150 हर्ट्झच्या आसपास न्यायचा. डग्गा ऐकू पूर्ण येतो, फक्त कंप्रेसरला तो कळत नाही. बोल लगेच मोकळे होतात.

डिटेक्टरला, म्हणजे त्याच मोजणाऱ्या वाटेला, हायपास रीकॉम्पमध्येही आहे, तोही जादा पैसे न देता. मग एवढे पैसे कशाला, हा प्रश्न मलाही पडला. फरक पडला तो गायकाच्या ट्रॅकवर. माइकमध्ये टाळ शिरलेला. स्ट्रिपमध्ये गेट एक्स्पांडरवर (आवाज पूर्ण बंद न करता कमी करणाऱ्या मोडवर) टाकला, रेंज, म्हणजे जास्तीत जास्त किती कमी करायचा, 8-10 डीबीच ठेवली. ओळ संपली की टाळ मागे सरकतो, नाहीसा होत नाही. 300 हर्ट्झचा गढूळपणा कंप्रेसरच्या आधी काढायचा की नंतर, हे एका बटणावर उलटसुलट ऐकता येतं. सुट्या प्लगइनांत यासाठी तीन खिडक्या उघडा, साखळीत ओढाओढ करा. तोवर कान आधीचा आवाज विसरलेला असतो.

1979 च्या एसएसएल 4000 ई या मिक्सिंग डेस्कवर प्रत्येक चॅनलला फिल्टर, इक्यू, कंप्रेसर आणि गेट होते, ते याच सोयीसाठी. 1970 चं नीव्ह 1073 मला अतिशय आवडतं, पण ते माइकचा आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प आणि इक्यू, डायनॅमिक्स (कंप्रेसर-गेट) नाहीच. त्याच्या नकलांना दुकानं खुशाल चॅनल स्ट्रिप म्हणतात. मिक्सिंगच्या कामाला मी म्हणणार नाही. गेट नाही, क्रम बदलता येत नाही, तर ती स्ट्रिप कसली?

आणखी एक अट: चाळीस ट्रॅकवर टाकली तरी मशीनने धापा टाकता कामा नये. ही टाकत नाही. अक्षरं मात्र फार बारीक आहेत, रात्री डोळे दुखतात.

दोन-चार ट्रॅकचं काम असेल तर रीपरवालंच वापरा. रोज मोठी सेशन्स असतील तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको. आणि लायसन्स कंप्यूटरवर न ठेवता यूएसबी डोंगलवर ठेवायची सोय असेल, तर पहिल्याच दिवशी तिथे हलवा.