डॅनिश कवितेचे वृत्त उलगडायचे आहे: ‘येन्स वायमन’ घ्यावी की इंगर क्रिस्टेन्सेन?

डॅनिश शिकणाऱ्याने वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती यांवर लिहायला कोणती कविता घ्यावी? माझे मत डॅनिश कवी येप्पे ऑकेर यांच्या ‘येन्स वायमन’ला (१९०५). तिच्यासमोर डॅनिश कवयित्री इंगर क्रिस्टेन्सेन यांच्या दोन कविता ठेवून पाहू.

आधी एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपला कान लघु-गुरू मोजतो. डॅनिशमध्ये मोजायचा तो आघात, म्हणजे उच्चारताना अक्षरावर पडणारा जोर. ‘येन्स वायमन’च्या ओळीत तीन आघात असतात आणि प्रत्येकाच्या आधी एक हलके अक्षर. ओळी आलटून पालटून सात आणि सहा अक्षरांच्या. आठ ओळींच्या कडव्यात दुसरी-चौथी आणि सहावी-आठवी जुळतात, बाकीच्या मोकळ्या. बोटांवर मोजता येईल इतके हे सोपे आहे.

कविता रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्याची. दुसऱ्या कडव्यात पहाटे हातोडा ऐकू येतो आणि एक अख्खी ओळ ‘पो न्यू, पो न्यू, पो न्यू’, म्हणजे पुन्हा, पुन्हा, पुन्हा, एवढीच होते. तीन आघात, तीन घाव! वृत्त आणि आशय इतके एकजीव झालेले क्वचितच सापडतात. ध्रुवपद त्याहून मोलाचे. सहाही कडव्यांत ‘हा तर येन्स वायमन’ असे सांगणारी ओळ येते: चौथ्यात सातवी, बाकीच्यांत पाचवी. पाचव्या कडव्यात मात्र ‘आहे’चे ‘होता’ होते, कारण हातोडा त्याच्या हातून गळून पडतो. सहाव्यात ते नाव षष्ठीत जाते: कबरीवरची कलती फळी तेवढी त्याची. जन्मभर दगड फोडले, कबरीवर एकही दगड नाही. या कवितेला संगीतकार कार्ल नील्सन यांनी दिलेली चाल प्रसिद्ध आहे. ती ऐकण्याआधी कविता मोठ्याने वाचा, नाहीतर चालीचा ठेका वृत्त म्हणून लिहिला जाईल.

‘सॉमरफूलेडेलेन’ (१९९१), म्हणजे फुलपाखरांची दरी, ही पंधरा सुनीतांची माळ. एका सुनीताची शेवटची ओळ पुढच्याची पहिली होते आणि पंधरावे सुनीत आधीच्या चौदांच्या पहिल्या ओळींनी घडते. पाच आघातांची ओळ, चार-चार ओळींत एकाआड एक यमक. पहिल्याच सुनीतात फुलपाखरे आणि पिवळा यांचे डॅनिश शब्द कानाला जुळतात, लिपीत जुळत नाहीत. त्यामुळे उच्चार पक्के नसतील तर यमक निसटते. वेळ भरपूर असेल, डॅनिश बऱ्यापैकी येत असेल, तर हिच्याइतके समृद्ध काही नाही.

‘आल्फाबेत’ (१९८१) पूर्णपणे पुनरावृत्तीवर उभी आहे. ‘आहेत’ या अर्थाचे क्रियापद परत परत येते, भाग वर्णक्रमाने चालतात, ओळींची संख्या फिबोनाची क्रमाने (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) वाढते. फक्त पुनरावृत्तीवर लिहायचे असेल तर हीच निवडा. पण ठरावीक वृत्त आणि अंत्ययमक तिच्यात नाही, आणि प्रश्न तिन्हींचा असेल तर दोन रकाने रिकामे राहतील.