जळगावात राज्यशास्त्र की पुण्या-दिल्लीत आंतरराष्ट्रीय संबंध?

बारावीनंतर ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ घ्यायचं म्हटलं की घरात दोन प्रश्न लगेच येतात. हे मिळतं कुठे, आणि शिकून करायचं काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून तिथून सुरुवात.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कला महाविद्यालयांत, नेहमी मिळते ती राज्यशास्त्राची बीए. जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं प्रताप, नंदुरबारचं जी. टी. पाटील ही त्यातली जुनी नावं. तिथे आंतरराष्ट्रीय संबंध येतात ते एक-दोन पेपरांपुरते. काही ठिकाणी संरक्षण व सामरिकशास्त्रही असतं आणि ते या विषयाला जास्त जवळचं आहे, पण पोरं ते ‘पोलीस भरतीचा विषय’ समजून सोडून देतात. याच विषयाला वाहिलेली पदवी हवी असेल तर बाहेर पडावं लागतं. पुण्यात फ्लेम विद्यापीठात इंटरनॅशनल स्टडीज मुख्य विषय म्हणून घेता येतो, दिल्लीजवळच्या सोनीपतच्या ओ. पी. जिंदाल विद्यापीठात ग्लोबल अफेअर्सची बीए आहे. ही दोन्ही खासगी. सरकारीत कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा विभाग जुना आणि नावाजलेला आहे, पण तिकडे आपल्याकडची मुलं क्वचितच जातात.

दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) आंतरराष्ट्रीय संबंधांची बीए होते, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. तिथली स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ साली वेगळी संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. तिथे एमए आणि त्यापुढचं शिक्षण मिळतं. जेएनयूत बीए होते ती परकीय भाषांची. या बीएकडे खाली परत येऊ.

अभ्यासक्रमात फरक नेमका कुठे पडतो, ते आपल्याच कापसावरून बघू. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. राज्यशास्त्राच्या वर्गात याची चर्चा अशी होईल: निर्णय कोणत्या मंत्रालयाचा, संसदेला विचारावं लागतं का, गिरणीवाल्यांचं ऐकलं गेलं आणि कापूस पिकवणाऱ्याचं का नाही, राज्याच्या हातात काय होतं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात वाटाघाटीत शुल्काचा दबाव कसा वापरतात, जागतिक व्यापार संघटनेचे नियम कुठवर पाळले जातात, बांगलादेशच्या कपड्याशी आपली स्पर्धा कशी बदलते, हे विचारलं जाईल. घटना तीच, पण पहिल्या वर्गाची नजर देशाच्या आत आणि दुसऱ्याची बाहेर. तुमचं डोकं कोणत्या प्रश्नावर आपोआप चालतं ते बघा. आमच्या मते कलचाचणीपेक्षा ही कसोटी खरी.

कागदावरही हा फरक दिसतो. राज्यशास्त्रात संविधान, राजकीय सिद्धांत, पाश्चात्त्य आणि भारतीय विचारवंत, लोकप्रशासन, महाराष्ट्राचं राजकारण. आंतरराष्ट्रीय संबंधांत वास्तववाद आणि उदारमतवादासारखे सिद्धांत, पहिल्या महायुद्धापासूनचा इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, जागतिक अर्थकारण, भारताचं परराष्ट्र धोरण, एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास, आणि बहुतेक ठिकाणी एक परकीय भाषा. इथे हमखास फसगत होते ती अर्थशास्त्राची. दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलाला व्यवहारतोल, विनिमयदर आणि संख्याशास्त्र जड जातं, आणि ‘मी तर राजकारण शिकायला आलो होतो’ ही तक्रार दुसऱ्या सत्रात सुरू होते. दुसरी अडचण वाचनाची. आठवड्याला शंभर-दीडशे पानं इंग्रजी वाचून त्यावर स्वतःचं मत मांडणारा निबंध लिहायचा असतो, तिथे गाईड चालत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलाचं पहिलं वर्ष यातच जातं. बुद्धी कमी म्हणून नव्हे, वेग कमी म्हणून.

उलट आपल्या बोर्डाच्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे आणि तिचा कोणी उल्लेख करत नाही. महाराष्ट्र बोर्डाचं बारावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होतं आणि ‘भारत आणि जग’पाशी संपतं. विषयाची तोंडओळख झालेली असते.

आता ‘करायचं काय’. बहुतेकांच्या मनात परराष्ट्र सेवा असते, म्हणून ते स्पष्टच सांगतो. ही सेवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच मिळते, एमपीएससीतून नाही. पात्रतेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीवर ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ लिहिलेलं असल्याचा एकही जादा गुण नाही. वैकल्पिक विषयाचं नावच ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ आहे, २५० गुणांचे दोन पेपर, आणि त्यातला पहिला पेपर राजकीय सिद्धांत आणि भारतीय राजकारणाचा. या परीक्षेपुरती जळगावची बीए कुठेच कमी पडत नाही. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. परराष्ट्र सेवेच्या जागा मात्र बहुतेक वर्षी साठच्या आतच असतात, तेव्हा केवळ तिच्या भरवशावर महागडी पदवी घेऊ नये. परराष्ट्र मंत्रालयात जायची आणखी एक वाट आहे, एसएससी सीजीएलमधून (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून) सहायक कक्ष अधिकारी म्हणून. त्यालाही कोणतीही पदवी चालते.

शिक्षकी पेशात तर राज्यशास्त्र सरळ पुढे आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर त्या विषयाचं एमए आणि बीएड लागतं. पदवीचं नाव वेगळं असलं की ‘हा विषय समकक्ष का’ याचे कागद गोळा करत फिरावं लागतं. खासगी नोकऱ्या, म्हणजे धोरण-संशोधन संस्था, कंपन्यांचं जोखीम-विश्लेषण, निर्यातदारांकडचं काम, यांत वेगळ्या पदवीचा उपयोग होतो, पण खरा उपयोग तिथल्या इंटर्नशिपचा आणि ओळखींचा असतो. परदेशात एमए करायचं पक्कं असेल तर निबंधलेखनाची ती तीन-चार वर्षं निश्चित कामाला येतात.

पैशाचा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. खासगी विद्यापीठांत फी वर्षाला काही लाख, राहणं-जेवण वेगळं. समजा सगळं मिळून २० लाखांचं कर्ज काढलं, १० टक्के व्याज, १० वर्षं फेड: हप्ता महिन्याला २६,४०० रुपयांच्या आसपास येतो, आणि शिकत असताना साचलेलं व्याज त्यावर. या विषयातल्या नुसत्या बीएवर सुरुवातीलाच एवढा हप्ता सहज भरता येईल अशी नोकरी मिळणं दुर्मीळ आहे. शिवाय महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आणि फी सवलती खासगी विद्यापीठांना बहुतेक वेळा लागू होत नाहीत. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. नंदुरबारच्या आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना राहण्या-जेवणाला आधार देतात, पण संस्थेच्या अटी त्यांनाही आहेत.

म्हणून आमचा कौल असा. कर्ज न काढता फी भरता येत असेल किंवा मोठी शिष्यवृत्ती मिळत असेल, आणि इंग्रजी वाचन पक्कं असेल, तर आंतरराष्ट्रीय संबंधांची स्वतंत्र पदवी खुशाल घ्या. नाहीतर राज्यशास्त्राची बीए घरून करा, सोबत अर्थशास्त्राचे पेपर निवडा, पैसे एमएसाठी राखा आणि सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांतल्या एमए प्रवेशाची सामाईक परीक्षा) देऊन दिल्ली गाठा. तिथे एमएला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. घरी राहून करायचं एकच जादा काम म्हणजे भाषा. जर्मन किंवा फ्रेंच ऑनलाइन सुरू करता येते, परीक्षा पुण्याला देता येते. बी-वन, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः बोलून भागवता येतील एवढी, पातळी गाठायला चारशे ते सहाशे तास लागतात, म्हणजे रोज तासभर दिला तरी दोन वर्षांत होऊ शकतं. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत मराठी, पुढे हिंदी-इंग्रजी असं शिकलेल्या मुलाला नवी भाषा परकी वाटत नाही, हा आपला फायदा.

आणि आता जेएनयूची ती भाषेची बीए. चिनी, रशियन, अरबी, फारसी, स्पॅनिश यांतली एक भाषा, सरकारी फी, आणि पुढे त्याच आवारात आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं एमए. भाषा पक्की असलेला विश्लेषक कमी सापडतो. दिल्ली विद्यापीठातली राज्यशास्त्र ऑनर्सही चांगली आहे. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, अंतराचा बाऊ नको.

या दोन्ही बीएंसाठी सीयूईटी, म्हणजे बारावीनंतरची सामाईक प्रवेश परीक्षा, लागते. २०२५ पासून प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. पेपर मराठीतून मिळतो, पण अभ्यासक्रम एनसीईआरटीचा आणि ती पुस्तकं मराठीत नाहीत, हिंदी किंवा इंग्रजीतून वाचावी लागतात. म्हणजे संज्ञा दोन भाषांत पाठ हव्यात. दिल्ली विद्यापीठासाठी बारावीला घेतलेलेच विषय निवडा. सोपा वाटला म्हणून भलताच विषय दिला की गुण असूनही अर्ज बाद होतो.

सगळ्यात जास्त जागा जातात त्या दाखल्यांपायी. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर तिकडे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्यात व्हीजेएनटीत असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, त्या यादीत आपलं नाव आधी बघा. एसईबीसी दाखल्याला तिथे किंमत नाही. मराठा समाजातल्या मुलांनी निकषांत बसत असल्यास केंद्राचं ईडब्ल्यूएस काढावं. हे दाखले १ एप्रिलनंतरचे ताजे मागितले जातात आणि मे-जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागलेल्या असतात, म्हणून अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात टाका.